खेकड्यांना दोष, पर्यटकांना दंड

जून संपत आला की माझ्या फोनवर दोन मेसेज हमखास येतात. पहिला मित्रांचा: ‘रविवारी कुठे?’ दुसरा बातमीचा: अमुक तालुक्यातल्या धबधब्यांवर आणि धरणांवर जमावबंदी. तिसरा एक मेसेज मात्र कधीच येत नाही. अमुक तळ्याच्या बांधाची पावसाळ्यापूर्वी तपासणी झाली, अमुक ठिकाणी गळती सापडली, ती बुजवली, असा. मला त्या न येणाऱ्या मेसेजबद्दल बोलायचं आहे.

गेल्या पावसाळ्यात आम्ही चौघं मावळातल्या एका लहान तलावावर गेलो होतो. नाव सांगत नाही, कारण तसे तलाव तुमच्याही गावाजवळ असतील. मातीचा बांध, एका टोकाला दगडी सांडवा, सांडव्यावरून घोट्याएवढं पाणी, आणि त्या पाण्यात बसलेली दोनेकशे माणसं. बांधावर बाइक लावलेल्या. मी लघवीला म्हणून बांधाच्या मागच्या बाजूला उतरलो, तर पायथ्याशी जमीन दलदलीसारखी झालेली. एका जागी बारीक धार वाहत होती. वर येऊन कणसं भाजणाऱ्या मावशींना विचारलं.

“हे पाणी कधीपासून येतंय?”

“तीन-चार वर्सं झाली की. पैलं चांगलं निवळ यायचं, आता जरा गढूळ येतंय.”

“कुणाला सांगितलं नाही का?”

“सांगितलं तर. पण आमचं कोन ऐकतंय, बाळा?”

मावशींनी एका वाक्यात जे सांगितलं ते धरण अभियांत्रिकीच्या पहिल्या धड्यात असतं. मातीच्या धरणातून थोडं पाणी पाझरणारच; ते बाहेर काढायची सोय बांधकामातच केलेली असते. पाझर निवळ असेल तर फारशी चिंता नसते. तो गढूळ झाला, तर पाण्यासोबत बांधाची माती बाहेर येत असू शकते. आत पोकळ वाट तयार होते, ती रुंदावत जाते, आणि एका रात्री बांध खचतो. दगडी भिंतीवरून पाणी वाहिलं तर ती बहुधा तग धरते. मातीचा बांध पोखरलाही जातो, आणि सांडवा अपुरा पडून माथ्यावरून पाणी गेलं तर वाहूनही जातो.

पुण्याला परतल्यावर मी फोन लावायला सुरुवात केली. एका कार्यालयानं सांगितलं, तलाव आमच्याकडे नाही. दुसऱ्यानं सांगितलं, लेखी अर्ज द्या, पण आधी तलाव कुणाचा ते शोधा. तिसऱ्या ठिकाणी साहेब मीटिंगमध्ये होते. महाराष्ट्रात लहान तलावाचा मालक त्याच्या सिंचनक्षेत्रावर ठरतो. काही जिल्हा परिषदेकडे, काही मृद व जलसंधारण विभागाकडे, काही जलसंपदा विभागाकडे. कागदावर व्यवस्था ठीक आहे. पण बांधाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या माणसाला हे कळायचा मार्ग नाही. तिथे फलक एकच होता: ‘पोहण्यास सक्त मनाई आहे.’

तुम्ही म्हणाल, एवढं काय, लहानसा तर तलाव. हा ‘लहान’ शब्दच मला खटकतो. आपल्याकडे प्रकल्प ‘लघु’ ठरतो तो त्याच्या पाण्यानं किती शेती भिजते त्यावरून. दोन हजार हेक्टरपर्यंत लघु, त्यापुढे दहा हजारांपर्यंत मध्यम, त्यावर मोठा. या मापात बांधाखाली किती घरं आहेत याला जागा नाही. शेती कमी भिजवणारं धरण फुटल्यावर माणसं कमी बुडवतं, असा काही नियम नाही.

२ जुलै २०१९ च्या रात्री हे चिपळूण तालुक्यातल्या तिवऱ्यात दिसलं. तिथलं मातीचं धरण लघु पाटबंधारे योजनेतलंच. ते फुटलं आणि खालची भेंदवाडी वाहून गेली. वीसहून जास्त माणसं गेली. धरणाला गळती आहे असं गावकरी आधीपासून सांगत होते. त्यानंतर राज्याच्या तत्कालीन जलसंधारण मंत्र्यांनी कारण सांगितलं: खेकडे. खेकड्यांनी धरण पोखरलं.

यावर आपण मीम्स केली, हसलो आणि विसरलो. मला मात्र ते विधान चुकीचं वाटत नाही, भयंकर वाटतं. खेकडे, घुशी, उंदीर बांधात बिळं करतात हे खरंच आहे. झाडांची मुळंही आत शिरतात. म्हणूनच तर दरवर्षी बांध चालत जाऊन पाहायचा असतो, झुडपं काढायची असतात, बिळं बुजवायची असतात. खेकड्यांनी धरण फोडलं असं म्हणणं म्हणजे आम्ही बिळं पाहायला गेलोच नाही, अशी कबुली देणं आहे. खेकड्याला पगार मिळत नाही आणि बांधाची देखभाल त्याच्याकडे सोपवलेली नाही.

कायदा नाही असंही नाही. २०२१ चा धरण सुरक्षा कायदा पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायला सांगतो. आपत्कालीन कृती आराखडा मागतो, मालकावर जबाबदारी टाकतो. चांगला कायदा आहे. पण तो लागू होतो पंधरा मीटरहून उंच धरणांना, आणि दहा ते पंधरा मीटरमधल्या अशांना, जी लांबी, साठा, पूरविसर्ग किंवा पाया-रचनेच्या ठरावीक अटींत बसतात. पंधरा मीटर म्हणजे साधारण पाच मजली इमारत. त्याहून ठेंगणे असंख्य बांध या चाळणीतून खाली पडतात. आणि नेमके तेच आपल्या रविवारचे असतात, कारण तिथे गेट नसतं, पहारा नसतो, सांडव्यापर्यंत गाडी जाते. अमेरिकेत धरणाचा धोका ठरवताना ते फुटलं तर खाली किती जीव जातील हे पाहतात. त्यामुळे एखादं बुटकं धरणही तिथे सर्वांत धोकादायक वर्गात बसू शकतं.

आता जमावबंदीकडे येतो. ३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या मागच्या डोंगरातल्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. धरण फुटलं नव्हतं. वर पाऊस झाला, ओढा फुगला आणि मधल्या खडकावर उभी असलेली माणसं अडकली. तो व्हिडिओ आपण सगळ्यांनी पाहिला. काही दिवसांतच जिल्ह्यातल्या अनेक पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश लागू झाले.

भुशीचं धरण एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावं म्हणून बांधलं गेलं. इंजिनं गेली, धरण राहिलं, आणि त्याच्या पायऱ्यांवरून वाहणारं पाणी म्हणजेच लोणावळा असं काही पिढ्यांना वाटू लागलं. तिथे शनिवार-रविवारी गर्दी होणार हे सगळ्यांना माहीत असतं. तरीही आपलं उत्तर दरवर्षी तेच असतं. आधी दुर्लक्ष, मग अपघात, मग बंदी, मग दंड, मग पुन्हा दुर्लक्ष. बंदीला खर्च नसतो. पाणलोटात पर्जन्यमापक, ओढ्यावर भोंगा, कठडे, गावातलेच चार प्रशिक्षित जीवरक्षक, यांना खर्च असतो. पार्किंगची पावती मात्र अशा अनेक ठिकाणी न चुकता फाडली जाते.

‘पण लोक ऐकतच नाहीत,’ हा आक्षेप खोटा नाही. आम्हीही त्या दिवशी शेवाळलेल्या सांडव्यावर बसलो होतो आणि माझा एक मित्र रीलसाठी कडेला उभा होता. ते मूर्खपणाचं होतं. पण नुसतं ‘मनाई’ म्हणणारा फलक लोक वाचत नाहीत, कारण तो काहीच सांगत नाही. ‘बांधाच्या पायथ्याशी गळती आहे, बांधावर वाहन आणू नये’ असं लिहिलं असतं तर आम्ही बाइक तिथे लावल्या नसत्या. शिवाय पर्यटक घरी गेला की त्याचा धोका संपतो. खालच्या वाडीतला माणूस रात्री त्याच बांधाखाली झोपतो. जमावबंदीनं त्याचं कसलंही रक्षण होत नाही.

म्हणून मागणी साधी आहे. उंची कितीही असो, प्रत्येक तलावावर एक फलक हवा. त्यावर मालक कोण, बांधलं कधी, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, काय सापडलं, आणि रात्रीही उचलला जाईल असा एक फोन नंबर. तोच अहवाल मे महिन्याअखेर इंटरनेटवर हवा. तलावाचा वर्ग खालच्या घरांवरून आणि वरच्या गर्दीवरून ठरावा. आणि जिथे पार्किंगचे पैसे घेतले जातात तिथे त्यातला वाटा त्याच बांधावर खर्च व्हावा.

आपल्याकडून होण्यासारखंही काही आहे. आपण दर रविवारी शेकडो फोन घेऊन या बांधांवर जातो. एवढे डोळे कुठल्याच विभागाकडे नाहीत. एखादा फोटो सांडव्याचा नको, पायथ्याचा काढा. भेग, बीळ, ओल, गढूळ धार दिसली तर तारीख आणि ठिकाण टाकून तहसीलदार आणि ग्रामपंचायत दोघांनाही लेखी पाठवा आणि पोच घ्या. फोनवर दिलेली माहिती हवेत विरते, हे मी अनुभवावरून सांगतो.

मीही शेवटी लेखी अर्ज दिला, फोटोंसकट. पोच माझ्याकडे आहे. उत्तर अजून आलेलं नाही. मावशींचं घर बांधापासून हाकेच्या अंतरावर आहे, खालच्या अंगाला.