जपानी मोटारीचे यश : नशीब, नक्कल की अभ्यास?

एखाद्या देशाचा माल परक्या बाजारात खपू लागला, की त्याची कारणे सांगणारे पुष्कळ भेटतात. अमेरिकेत जपानी मोटारींचा खप वाढला तेव्हाही तसेच झाले. कोणी म्हणाले, ही सारी नक्कल आहे. कोणी म्हणाले, तिकडचे कामगार स्वस्त आणि जात्याच कामसू. पुष्कळांनी तर १९७३ च्या तेलटंचाईने जपान्यांचे नशीब उघडले, असे सांगून विषय मिटवला. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने मात्र कारण ऐकले, की ते तपासून घ्यावे. या तिन्ही कारणांत थोडेथोडे तथ्य आहे. पण खरे कारण त्यांच्या पलीकडचे आहे, असे माझे मत आहे.

प्रथम नशिबाचा विचार करू. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी अमेरिकेला तेल देणे बंद केले आणि तिथल्या पेट्रोलपंपांपुढे रांगा लागल्या. १९७९ मध्ये इराणातील क्रांतीनंतर पुन्हा तीच पाळी आली. त्या काळी मोठी अमेरिकन मोटार पावणेदोन ते दोन टन वजनाची असे. होंडाची पहिली सिव्हिक होती सुमारे ६८० किलोग्रॅमची. गतिज ऊर्जा वस्तुमानाच्या समप्रमाणात असते, हे तुम्ही शिकला आहातच. म्हणजे त्याच वेगाला पोचण्यासाठी जड गाडीला अडीच ते तीनपट ऊर्जा द्यावी लागते, आणि ब्रेक दाबला की ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते. गिऱ्हाईक छोट्या गाडीकडे वळले, यात नवल नाही.

पण मोटारीचा आराखडा काही एका रात्रीत तयार होत नाही. टंचाई आली तेव्हा या गाड्या दुकानात तयार उभ्या होत्या. त्यामागे जुन्या फजितीचा धडा होता. टोयोटाने १९५८ मध्ये अमेरिकेत टोयोपेट क्राउन ही गाडी विकायला काढली. त्या वर्षी जेमतेम २८७ गाड्या खपल्या. जपानमधल्या खडबडीत रस्त्यांसाठी केलेली ती मजबूत गाडी अमेरिकेच्या महामार्गांवर वेग घेताच थरथरे, तिचे इंजिन तापे. कंपनीने तिची विक्री थांबवली. १९६५ मध्ये टोयोटाने कोरोना ही गाडी आणली, ती मात्र त्या महामार्गांचा विचार करूनच. इंजिन अधिक शक्तीचे होते आणि गिऱ्हाइकाला हवी असल्यास आपोआप बदलणाऱ्या गिअरची सोयही होती. गिऱ्हाइकाची तक्रार हे यंत्राचे एक मोजमापच आहे, असे मानणाऱ्याला हा बदल सुचतो.

दुसरे उदाहरण धुराचे. १९७० च्या अमेरिकन कायद्याने मोटारींच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बने थोड्याच वर्षांत सुमारे ९० टक्क्यांनी कमी करण्याचे बंधन घातले. एवढ्या मुदतीत हे साधणार नाही, असे अमेरिकन कारखानदार म्हणाले व त्यांनी मुदतवाढ मागितली. होंडाच्या तंत्रज्ञांनी ज्वलनाचाच विचार केला. ठिणगी पडते तिथे त्यांनी एक छोटा कप्पा केला आणि त्यात पेट्रोलचे प्रमाण जास्त असलेले मिश्रण सोडले. ते चटकन पेटते. त्याची ज्योत मुख्य कप्प्यातल्या विरळ मिश्रणात शिरते आणि तेही पुरतेपणी जळते. या इंजिनाची सिव्हिक १९७५ सालासाठी अमेरिकेत आली. धूर शुद्ध करणारे वेगळे उपकरण न लावताही ती कायद्याच्या कसोटीला उतरली.

आता नक्कल. जपान्यांनी इतरांकडून शिकून घेतले, हे खरेच आहे. १९५० मध्ये एजी टोयोडा फोर्डचा कारखाना पाहून आले. त्याच वर्षी डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञाने जपानमध्ये गुणवत्तेवर व्याख्याने दिली. पण शिकवणारा अमेरिकन आणि धडा गिरवणारा जपानी असेल, तर दोष शिकणाऱ्याला कसा द्यावा?

राहिला कामगारांचा मुद्दा. जपानमधली मजुरी कमी होती, त्याचा फायदा जरूर झाला. पण ‘जात्याच कामसू’ या समजुतीची परीक्षा एका प्रयोगाने झाली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी आणि सदोष गाड्यांसाठी बदनाम होता. तो १९८२ मध्ये बंद पडला. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांनी मिळून तो पुन्हा सुरू केला. इमारत तीच, कामगारही बहुतेक जुनेच. बदलले ते व्यवस्थापन आणि कामाची पद्धत. दोष दिसला, की कोणाही कामगाराने दोरी ओढावी, गरज पडल्यास सारे काम थांबवावे, पण दोष पुढे जाऊ देऊ नये, असा नियम झाला. थोड्याच काळात तिथल्या गाड्या जपानमधल्या गाड्यांच्या तोडीच्या निघू लागल्या. गुण वंशात नव्हता, पद्धतीत होता.

हे वेळीच न समजण्याची किंमत मोठी असते. अमेरिकेत हजारो कामगार बेकार झाले. १९८२ मध्ये डेट्रॉइटजवळ एका चिनी वंशाच्या तरुणाचा याच रागातून बळी गेला. सरकारने दुसरा उपाय केला. १९८१ पासून जपानने वर्षाला १६ लाख ८० हजारच मोटारी पाठवाव्यात, असे ठरले. परिणाम काय झाला? संख्येवर मर्यादा आली, तेव्हा जपान्यांनी अधिक मोठ्या आणि महाग मोटारी पाठवल्या. शिवाय होंडाने १९८२ मध्ये ओहायोतच कारखाना सुरू केला. १९८९ मध्ये होंडाची अ‍ॅकॉर्ड अमेरिकेत सर्वाधिक खपाची मोटार ठरली. बंधनाने थोडा वेळ मिळतो; तो आराखड्यावर खर्च केला नाही, तर बंधन फुकट जाते.

हाच नियम जपानलाही लागू आहे. आजची सिव्हिक १९७६ च्या अ‍ॅकॉर्डहूनही अर्ध्या मीटरने लांब आहे. पेट्रोल आणि वीज दोन्हींवर चालणारी प्रियस टोयोटाने १९९७ मध्येच आणली. पण केवळ विजेवर चालणाऱ्या मोटारींत जपानी कंपन्या मागे पडल्या. फ्रीमाँटचा तो संयुक्त कारखाना २०१० मध्ये बंद झाला, आणि त्याच इमारतीत आता टेस्लाच्या विजेच्या मोटारी तयार होतात.

म्हणून शिक्षकांना एक सुचवावेसे वाटते. यशस्वी यंत्रांच्या कथा आपण वर्गात सांगतोच. त्यांच्याबरोबर २८७ हा आकडाही फळ्यावर लिहावा. एवढ्याच गाड्या का खपल्या, याचे उत्तर मुलांनी शोधू लागावे. तिथूनच तंत्रज्ञानाचा खरा अभ्यास सुरू होतो.