टिंबामागचा माणूस

मी आयुष्यभर टिंबं काढली. आठवडाभर बँकेची नोकरी आणि शनिवार-रविवारी मैदानावर स्कोअरबुक, असं तीस वर्षं चाललं. आंतरबँक सामन्याला एकदा स्कोअरर आला नाही म्हणून मला बसवलं, आणि मग कुणी उठवलंच नाही. पॉइंटवरचा मुलगा डावीकडे झेपावून चौकार अडवायचा, तंबूतली मंडळी टाळ्या वाजवायची आणि मी चौकटीत एक टिंब द्यायची. फलंदाजानं चेंडू नुसता सोडून दिला तरी तेच टिंब. यात काही चुकतंय असं मला कधी वाटलं नाही. वाटलं ते बासष्टाव्या वर्षी, टेक्सासमध्ये.

मुलगा डॅलसजवळ अर्व्हिंगला असतो. 2017 च्या उन्हाळ्यात तिकडे गेले होते. दुपारभर घरात कोंडून बसलेल्या आजीची नातवाला दया आली आणि मुलानं आम्हाला अर्लिंग्टनला टेक्सास रेंजर्सच्या सामन्याला नेलं. ऊन नागपूरच्या तोडीचं. नातवानं माझ्या हातात एक कागद आणि पेन्सिल ठेवली. ‘‘आजी, तू लिही. तुला येतं ना?’’

येतं कसलं! पण शिकले. बेसबॉलमध्ये प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला एक आकडा असतो. चेंडू फेकणारा पिचर 1, त्याच्यासमोर बसलेला कॅचर 2, पहिल्या बेसवरचा 3, दुसऱ्या बेसवरचा 4, तिसऱ्या बेसवरचा 5, असं 9 पर्यंत. फलंदाजानं जमिनीलगत मारलेला चेंडू तिसऱ्या बेसवाल्यानं अडवून पहिल्या बेसवर फेकला आणि गडी बाद झाला, की लिहायचं 5-3. अडवणाऱ्याच्या नावावर एक मदत जमा, झेलणाऱ्याच्या नावावर एक बळी जमा. पुढे दोघांच्या कारकिर्दीच्या बेरजेत ते दिसतं. आणि चेंडू हातातून सुटला तर ‘ई-5’, म्हणजे चूकही नावानिशी. (आपल्याकडे झेल सोडणाऱ्याचं नाव फक्त गोलंदाज लक्षात ठेवतो.)

त्या दिवशी माझ्या कागदावर पहिल्यांदा 5-3 पडलं तेव्हा मी विचारलं, हा पाच कोण? ‘‘बेल्त्रे,’’ नातू म्हणाला. ‘‘त्याच्या डोक्याला कुणी हात लावलेला त्याला चालत नाही.’’

आद्रियान बेल्त्रेची माझी ओळख ही अशी. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. तिसऱ्या बेसला अमेरिकेत ‘हॉट कॉर्नर’ म्हणतात, तापलेला कोपरा. उजव्या हाताच्या फलंदाजानं जोरात ओढलेला चेंडू तिथे अर्ध्या-पाऊण सेकंदात येऊन आदळतो. तो अडवायचा, आणि तिथून साधारण 39 मीटरवरच्या पहिल्या बेसवर सरळ फेकायचा. धावणारा चार-सव्वाचार सेकंदांत तिथे पोचतो. चेंडू हळू घरंगळत आला तर काम आणखी अवघड. मग बेल्त्रे पुढे धावत यायचा, ग्लोव्ह नसलेल्या उजव्या हातानं चेंडू उचलायचा आणि तोल सावरण्याआधीच, वाकलेल्या अंगानं फेकून द्यायचा. गरम तव्यावरची भाकरी बोटांनी उलटणारी बाई आठवायची मला. इतकं सहज, आणि इतकं भाजण्याच्या जवळ.

हे काम तिसऱ्या बेसवर त्यानं 2759 सामन्यांत केलं. त्या जागेवर त्याहून जास्त सामने फक्त ब्रुक्स रॉबिन्सन खेळला.

माणूस मिश्कील होता. त्याच उन्हाळ्यात, जुलैत, संघ मायामीकडून सणसणीत मार खात होता. पुढची पाळी असलेल्या फलंदाजानं थांबायची एक गोल चटई असते, हा तिच्यापासून जरा लांब उभा. पंचांनी चटईवर जायला सांगितलं. बेल्त्रेनं वाकून चटईच ओढत आपल्या पायाखाली आणली. पंचांनी त्याला मैदानाबाहेर काढलं. मी घरी टीव्हीसमोर हसून हसून सोफ्यावर कलंडले. मुलगा म्हणाला, ‘‘आई, तुमच्या काळात हे चाललं असतं का?’’ नसतं चाललं. पण आमच्या काळातल्या पंचांना चटईही कुणी दिली नव्हती.

चार दिवसांनी, 30 जुलैच्या रविवारी, आम्ही पुन्हा मैदानावर होतो. बाल्टिमोरच्या वेड मायलीला त्यानं डावीकडच्या रेषेलगत मारलं आणि दुसरा बेस गाठला. फटक्यावर बेस गाठला की एक हिट; हा कारकिर्दीतला 3000 वा. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेल्या कुणालाही तोवर ते जमलं नव्हतं. सगळं स्टेडियम उभं, त्याची मुलं मैदानात. सामना रेंजर्स हरले, ते कुणाच्या खिजगणतीत नव्हतं.

नंतर मी त्याची जुनी पानं वाचून काढली, स्कोअररची खोड. सांतो दोमिंगोचा हा मुलगा 1994 साली लॉस एंजलिसच्या डॉजर्सनी करारबद्ध केला तेव्हा पंधराच वर्षांचा होता. नियम सोळाचा, म्हणून कागदोपत्री त्याचं वय वाढवलं होतं. आपल्याकडे सोळा वर्षांखालच्या स्पर्धांत मिसरूड फुटलेली मुलं चौदाची होऊन येतात, तिथे उलटं झालं. 1999 मध्ये प्रकरण उघडकीला आलं, डॉजर्सना 50 हजार डॉलर दंड झाला. मुलगा तोवर मोठ्या संघात खेळतही होता.

2004 साली त्यानं 48 होमरन मारले, त्या मोसमात सगळ्यांत जास्त. सिअ‍ॅटलनं पाच वर्षांसाठी 6 कोटी 40 लाख डॉलर मोजले. आणि तिथे बॅट शांत झाली. ते मैदान उजव्या हाताच्या फलंदाजांवर रुसलेलं, पण कारणं कोण ऐकतं? 2009 च्या अखेरीस तो तिशीत होता, खात्यावर 1700 हिट, आणि लोकांच्या लेखी संपलेला. पुढे बॉस्टनला एक वर्ष, मग टेक्सासला आठ. त्यात आणखी 1466 हिट. जवळजवळ निम्मी कारकीर्द ‘संपल्या’नंतरची!

मला रस आहे तो सिअ‍ॅटलच्या पाच वर्षांत. बॅट रुसलेली असताना तो काय करत होता? तर 5-3 लिहायला लावत होता. 2007 आणि 2008, दोन्ही वर्षी क्षेत्ररक्षणाचा गोल्ड ग्लोव्ह त्याच्याकडे होता. पुढे एकूण पाच झाले. पडत्या काळातही त्याला संघात जागा होती, कारण त्याचं अडवणं कुठेतरी लिहिलं जात होतं. आपल्या खेळात असा फलंदाज पाच वर्षं टिकला असता का, हे वाचकांनीच ठरवावं.

विजेतेपद मात्र नाही मिळालं. 2011 च्या वर्ल्ड सिरीजच्या सहाव्या सामन्यात रेंजर्स विजयापासून एका स्ट्राइकवर, म्हणजे जेमतेम एका चेंडूवर होते, तेही दोनदा, आणि सेंट लुइसकडून हरले. सातवाही हरले. रेंजर्सनी ती सिरीज पहिल्यांदा जिंकली 2023 मध्ये, तेव्हा बेल्त्रेला खेळ सोडून पाच वर्षं झाली होती.

निवृत्तीही त्यानं गाजावाजा न करता घेतली. गावोगावी निरोपाचे समारंभ नाहीत, शेवटच्या मोसमाची आधी दवंडी नाही. मोसम आटोपल्यावर, 20 नोव्हेंबर 2018 ला, एक लेखी निवेदन. 21 मोसम, 3166 हिट, 477 होमरन. जानेवारी 2024 मध्ये हॉल ऑफ फेमसाठी 385 पैकी 366 मतं पडली. त्या समारंभात माजी खेळाडू डेव्हिड ऑर्टिझनं मागून येऊन त्याच्या डोक्यावर हात फिरवलाच.

आता माझा मुद्दा. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर ज्यानं घडवला तो हेन्री चॅडविक जन्मानं इंग्रज आणि आधी क्रिकेटचा वार्ताहर होता. क्रिकेटच्या मांडवातून उठून गेलेल्या माणसानं शेजारच्या खेळात क्षेत्ररक्षकाला वहीत जागा दिली, आणि आम्ही दीडशे वर्षं टिंबं काढतोय. एकनाथ सोलकर फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहायचा, 27 कसोटींत 53 झेल. झेल आहेत म्हणून आकडा तरी आहे. त्यानं अंगावर घेतलेले, अडवलेले चेंडू कुठे आहेत? माझ्यासारख्या कुणाच्या तरी टिंबांत. टीव्हीवाले आता वाचवलेल्या धावांचे आकडे अधूनमधून दाखवतात, पण ते दुसऱ्या दिवशी पेपरातल्या धावफलकात नसतात आणि निवड समितीपुढच्या कागदावरही नसतात. मैदानी क्रिकेटमध्ये तर टीव्हीच नाही. मुंबईच्या शालेय सामन्यांपासून ही नोंद सुरू करायला खर्च काय? टिंबाशेजारी एक अक्षर. सरावानं जमतं, मी करून पाहिलंय. घाईत एखादं सुटेलही, पण घाईत लेगबाय सुटतो म्हणून आपण लेगबाय लिहिणं बंद केलेलं नाही.

गेल्या हिवाळ्यात एका क्लबाच्या सामन्याला हौसेनं बसले होते. कव्हरमधल्या एका काटकुळ्या पोरानं सकाळपासून सहा चौकार अडवले. मी प्रत्येक टिंबाशेजारी पेन्सिलीनं बारीक ‘क’ लिहिला. चहाच्या वेळी क्लबाचे सेक्रेटरी वही चाळायला आले.

‘‘मावशी, हे क काय आहे?’’

‘‘कव्हर. त्या मुलानं अडवलेत.’’

‘‘पण धाव नाही ना झाली?’’

‘‘नाही.’’

‘‘मग टिंबच आहे की,’’ म्हणाले, आणि खोडरबर माझ्यासमोर ठेवून चहा घ्यायला गेले. तो मी पर्समध्ये टाकला.