हृदयाचे ऑपरेशन, आतड्याची काळजी

बायपास झालेल्या रुग्णाचे नातेवाईक आयसीयूच्या दारात डॉक्टरांना गाठतात, तेव्हा त्यांचे प्रश्न ठरलेले असतात. शुद्ध आली का? व्हेंटिलेटर कधी काढणार? पंपिंग किती टक्के आहे? पोट साफ झाले का, हे मात्र कोणी विचारत नाही. एवढ्या मोठ्या ऑपरेशननंतर असले काय विचारायचे, असा संकोच वाटतो. वॉर्डातल्या अनुभवी परिचारिका रोज सकाळी नेमके तेच विचारतात. त्यांच्या या प्रश्नाला हृदयशस्त्रक्रियेच्या चर्चेत आज मिळते त्याहून बरेच वरचे स्थान मिळायला हवे.

6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी हृदय-फुफ्फुस यंत्राच्या मदतीने एका तरुणीच्या हृदयातले छिद्र बंद केले. त्या यंत्रामुळे हृदय थांबवून त्यावर काम करणे शक्य झाले आणि पुढच्या काळात असंख्य जीव वाचले. पण यंत्राने फिरवलेले रक्त आणि धडधडत्या हृदयाने ढकललेले रक्त यांत फरक आहे. यंत्राचा प्रवाह बहुधा संथ आणि एकसारखा असतो, रक्त पातळ झालेले असते, शिवाय रक्तदाब टिकवण्यासाठी रक्तवाहिन्या आवळणारी औषधे द्यावी लागतात. अशा संकटात शरीर मेंदूला आधी जपते आणि आतड्याचा वाटा कापते. आतड्याच्या आतल्या अस्तरावर जे सूक्ष्म अंकुर असतात, त्यांच्या टोकांना प्राणवायूचा तुटवडा सर्वांत आधी जाणवतो. रक्तपुरवठा पूर्ववत झाला की त्याच पेशींना दुसरा धक्का बसतो. अस्तर झिरपू लागते आणि जिवाणूंच्या आवरणातले एंडोटॉक्सिन रक्तात उतरते. बायपास यंत्रावरच्या रुग्णांच्या रक्तात ते सापडल्याच्या नोंदी 1980 च्या दशकापासून आहेत. शस्त्रक्रियेनंतर अंगभर भडकणाऱ्या दाहाचे हे एकमेव कारण नाही. यंत्राच्या नळ्यांशी रक्ताचा संपर्क आला तरी दाह सुरू होतो. पण त्या आगीत आतड्याचाही हात असतो.

महाधमनीच्या शस्त्रक्रियेत तर हा संबंध अधिक थेट आहे. पोटातल्या महाधमनीला फुगा आला की तो भाग बदलून कृत्रिम नळी बसवतात. मोठ्या आतड्याच्या डाव्या भागाला रक्त पुरवणारी धमनी नेमकी तिथूनच निघते आणि ती अनेकदा बंद करावी लागते. बहुतेकांचे शेजारच्या वाहिन्यांवर भागते, काहींचे भागत नाही. म्हणूनच अशा रुग्णाला पहिल्या काही दिवसांत रक्तमिश्रित जुलाब झाले, तर सर्जन लगेच दुर्बिणीने आतडे तपासायला धावतात. हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर आतड्याचा रक्तपुरवठा पूर्ण तुटण्याचा प्रसंग क्वचितच येतो, पण तो आला तर निम्म्याहून अधिक रुग्ण दगावतात.

या सगळ्यात जिवाणूंचे काम काय? आपण खातो त्या तंतुमय पदार्थांचे काही जिवाणू ब्युटिरेटमध्ये रूपांतर करतात. मोठ्या आतड्याच्या पेशींचे ते मुख्य इंधन. हे जिवाणू असले की अस्तर दुरुस्त होत राहते आणि उपद्रवी जंतूंना जागा मिळत नाही. आयसीयूत मात्र त्यांच्यावर एकाच वेळी चारी बाजूंनी घाला येतो : उपवास, प्रतिजैविके, आतड्याची हालचाल मंदावणारी वेदनाशामके आणि आम्ल कमी करणारी औषधे. अमेरिका आणि कॅनडातल्या 115 अतिदक्षता रुग्णांचा अभ्यास 2016 मध्ये प्रसिद्ध झाला. उपयुक्त जिवाणू घटले आहेत आणि रोगकारक वाढले आहेत, असे चित्र त्यात स्पष्ट दिसले.

इथवर वाचून कोणी औषधाच्या दुकानातून प्रोबायोटिकच्या पुड्या आणायला निघाला असेल, तर त्याने थांबावे.

नेदरलँड्समध्ये स्वादुपिंडाचा गंभीर दाह झालेल्या 296 रुग्णांवर अशीच एक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष 2008 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. प्रोबायोटिक मिळालेल्यांपैकी 16 टक्के दगावले, न मिळालेल्यांपैकी 6 टक्के. प्रोबायोटिकच्या गटात नऊ जणांच्या आतड्याचा रक्तपुरवठा खुंटला, दुसऱ्या गटात एकाचाही नाही. ते रुग्ण हृदयाचे नव्हते, हे खरे. पण रक्ताअभावी आधीच गांजलेल्या आतड्यात बाहेरून जिवाणू सोडण्याचा धोका किती मोठा असू शकतो, हे त्यातून कळले. पुढे 2021 मध्ये 2,650 अतिदक्षता रुग्णांवरच्या चाचणीत प्रोबायोटिकने व्हेंटिलेटरमुळे होणारा न्यूमोनिया कमी झाला नाहीच. उलट काही रुग्णांच्या रक्तात तोच ‘चांगला’ जिवाणू सापडला. याच्या विरुद्ध टोकाचे उदाहरण आपल्या देशातले. ओडिशातल्या खेड्यांत साडेचार हजारांहून अधिक निरोगी नवजात बालकांवर झालेल्या चाचणीत लॅक्टोबॅसिलस प्लँटेरम आणि त्याला पोसणारी साखर दिल्यावर जंतुसंसर्ग आणि मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 टक्क्यांवर आले. कोणता जिवाणू, कोणाला आणि कोणत्या वेळी, यावर सारे अवलंबून आहे. नुकत्याच हृदयाला टाके पडलेल्या रुग्णाला डॉक्टरांना न विचारता पुडी पाजणे हे प्रेम असले तरी उपचार नव्हे.

मग करायचे काय? पहिली गोष्ट, अँटिबायोटिक वेळेवर थांबवणे. आपल्याकडे टाके ओले आहेत तोवर अँटिबायोटिक हवेच, ही समजूत खोल रुजलेली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने 2016 मध्ये स्पष्ट सांगितले की संसर्ग टाळण्यासाठी दिलेले प्रतिजैविक शस्त्रक्रिया संपल्यावर लांबवू नये. अमेरिकेतल्या हृदयशल्यविशारदांच्या संघटनेने हृदयशस्त्रक्रियेसाठी 48 तासांची कमाल मर्यादा घातली आहे. प्रत्यक्ष संसर्ग झालेला असेल, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स पूर्ण करावाच लागतो. कृत्रिम झडप बसवलेल्यांना दात काढण्याआधी अँटिबायोटिक घ्यावे लागते, तेही टाळून चालणार नाही. आक्षेप आहे तो ‘असू द्या अजून चार दिवस’ म्हणून लिहिल्या जाणाऱ्या गोळ्यांवर.

त्या चार दिवसांचा परिणाम इतर औषधांवरही होतो. हृदयाची अनियमित गती आवरायला डिगॉक्सिन देतात. काही रुग्णांच्या आतड्यातला एगर्थेला लेंटा हा जिवाणू हे औषध निष्प्रभ करतो. अशा रुग्णाला अँटिबायोटिक दिले की जिवाणू मरतो आणि डिगॉक्सिनची पातळी अचानक चढते, हे 1980 च्या दशकापासून ठाऊक आहे. धातूची झडप बसवलेल्यांना रक्त पातळ ठेवणारी गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. कित्येक अँटिबायोटिकांमुळे तिचा परिणाम वाढतो आणि रक्तस्राव होऊ शकतो. गल्लीतल्या दवाखान्यात सर्दीसाठी गेलो तरी झडपेचे सांगितले पाहिजे आणि नवे औषध सुरू झाले की आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ आहे याचा आकडा, तपासला पाहिजे.

दुसरी गोष्ट ताटातली. घरी आल्यावर ‘हलके’ म्हणून आठवडेच्या आठवडे चहा-बिस्किटे, रवा आणि साबुदाणा चालू राहतो. त्यात जिवाणूंसाठी जवळजवळ काहीच नसते. मऊ भात आणि पेज सुरुवातीला योग्यच, पण पचन रुळावर आले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ज्वारी-नाचणीची भाकरी, मोड आलेल्या कडधान्याची उसळ, भाज्या, फळे ताटात परत यायला हवीत. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर पालेभाजी बंद करायची नसते, तिचे प्रमाण दर आठवड्याला सारखे ठेवायचे असते. शौचाला जोर करावा लागणे छातीच्या ताज्या जखमेला त्रासदायक, म्हणूनही तंतुमय अन्न आणि पुरेसे पाणी मोलाचे. मात्र पाण्यावर मर्यादा घातली असेल, तर ती पाळावी.

तिसरी गोष्ट रुग्णालयांनी आणि सरकारने करायची आहे. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीयांच्या आतड्यातल्या जिवाणूंवर वर्षानुवर्षे काम केले. आपल्याकडे प्रिव्होटेला या गटाचे प्रमाण ठळकपणे जास्त आढळते, हे त्यातून पुढे आले. म्हणजे क्लीव्हलंड किंवा टोरंटोच्या रुग्णांवरचे निष्कर्ष सोलापूरच्या शेतकऱ्याला जसेच्या तसे लागू होतील, असे धरता येत नाही. मुंबई-पुण्यात हृदयशस्त्रक्रियेची मोठी सार्वजनिक केंद्रे आहेत आणि जिवाणूंचा अभ्यास करणारी प्रयोगशाळाही इथेच आहे. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर रुग्णांच्या शौचाचे नमुने घेऊन, कोण लवकर सावरतो आणि का, याचा दीर्घ अभ्यास महाराष्ट्रात व्हायला हवा, आणि त्यासाठी राज्याने पैसा द्यायला हवा.

तोवर नातेवाइकांच्या हाती एक गोष्ट आहे. डिस्चार्ज कार्ड मिळेल तेव्हा त्यावरच्या प्रत्येक अँटिबायोटिकपुढे ते कशासाठी आहे आणि कोणत्या तारखेला थांबवायचे, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.