जपून वापरा, म्हणे!

दिवाळीच्या दिवसांत भांडणाचा विषय काढू नये असे म्हणतात. पण घरात विजेवर चालणारी चाकांची खुर्ची आहे आणि नेमक्या पाडव्याच्या दिवशी ती ओसरीत निपचित पडली आहे, अशा घरच्या माणसाने भांडावे तरी केव्हा? म्हणून मी आज भांडणार आहे, आणि माझे भांडण दोनच शब्दांशी आहे : 'जपून वापरा.'

२०२४ पर्यंत अहमदनगर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आमच्या ह्या अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाच्या खुर्चीची बॅटरी वर्षभरात बसली, की घरचे, शेजारचे आणि दुकानदार सारे एका सुरात खुर्चीवाल्यालाच दोष देतात. "फार फिरवली असेल हो!" तो बिचारा ओशाळतो. ज्याचे पाय चालत नाहीत त्याने फिरणे ही जणू चैनच! तुमच्या पायांना कधी कुणी बजावले आहे काय, की देवळापर्यंत चाला, पण बाजारापर्यंत नको?

हा उपदेश निष्ठुर आहे आणि वर खोटाही आहे. ह्या खुर्च्यांत बहुधा बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात, आणि पुष्कळ खुर्च्यांत त्या शिसे व आम्ल यांच्या असतात. ही जात जुनी. गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती १८५९ साली तयार केली. वीज खर्च होते तेव्हा आतल्या प्लेटांवर शिशाच्या सल्फेटचा थर बसतो. वेळेवर चार्जिंग केले की तो मोडतो. बॅटरी तशीच रिकामी ठेवली तर त्याचे टणक स्फटिक होतात आणि तेवढा भाग कायमचा निकामी होतो. फिरण्याने बॅटरी झिजते हे खरे, पण सावकाश. अकाली मरते ती बहुतेक उपाशी राहून.

आता आपली 'जपणूक' पाहा. "आज कुठे जायचे नाही, मग चार्जिंग कशाला?" हे पहिले सूत्र. "पुरती उतरल्याशिवाय प्लग लावू नये," हे दुसरे. ही समजूत निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. शिशाच्या बॅटरीला ती विषासमान आहे. तिला दररोज थोडे उतरून पुन्हा पूर्ण भरणे मानवते. आणि तिसरे सूत्र : "दोन तास झाले, काढा प्लग, बिल येईल!" पहिला मोठा हिस्सा भरभर भरतो, पण शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात, आणि तोच रोज राहून गेला की स्फटिकांचे फावते. बिलाचा हिशेबही करून टाकू. चोवीस व्होल्ट आणि पस्तीस अँपिअर-तास म्हणजे ८४० वॉट-तास. वाया जाणारी वीज धरली तरी पूर्ण रिकामी खुर्ची भरायला सुमारे एक युनिट लागते. एका युनिटाच्या काटकसरीपायी आपण हजारो रुपयांची जोडी बुडवतो!

दुसरा वैरी उन्हाळा. शिशाच्या बॅटरीचे आयुष्य साधारणपणे २५ अंश तापमान धरून सांगतात, आणि दर आठ-दहा अंशांच्या वाढीला ते जवळजवळ निम्मे होते. पाथर्डी-शेवगावकडे वैशाखात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या खुर्चीचे काय होत असेल, ते सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा? त्यात काळ्या मातीची पायवाट, चढ आणि हवा कमी झालेली चाके. असल्या वाटेवर मोटर वीज अधिक ओढते आणि बॅटरी लवकर तळाला जाते. मग गॅरेजवाला ट्रॅक्टरची बॅटरी सुचवतो. पण ती इंजिन सुरू करण्यापुरता क्षणभर जोर लावणारी, पातळ प्लेटांची. रोज खोल उतरण्यासाठी ती घडवलेलीच नसते. कुणी दोहोंतली एकच बॅटरी बदलतो. मग जुनी नवीलाही घेऊन बुडते.

पण माझा खरा राग घरच्या अडाणीपणावर नाही. त्यांना कुणी सांगितलेच नाही! शिबिरे होतात, मंडप पडतात, हार घातले जातात, खुर्ची दिल्याचे छायाचित्र निघते. पाहुण्याची तारीख मिळेपर्यंत खुर्च्या गोदामात महिनोन्‌महिने चार्जिंगविना पडून राहिल्या, तर मंडपात येण्यापूर्वीच त्यांचे आयुष्य घटलेले असते. देणारा मात्र टाळ्या घेऊन मोकळा. ज्या नगरात १९४८ पासून चिलखती दलाचे केंद्र आहे, जिथल्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत वाहनांची अधिकृत चाचणी होते, तिथे खुर्चीची बॅटरी तपासून देणारा एक माणूस तालुक्याला मिळू नये, ही लाज आपली आहे.

कुणी म्हणेल, "फुकट दिलेल्या खुर्चीवर आणखी तक्रार कसली?" अहो, पाय दिला आणि सहा महिन्यांनी काढून घेतला, तर त्याला दान म्हणावयाचे काय? देणाऱ्याने वाटपाच्या आधी बॅटरी भरावी. सोबत मराठीत छापलेले एक पान द्यावे, आणि दुसऱ्या जोडीचा खर्च पहिल्याच दिवशी बाजूला काढावा. लिथियमच्या बॅटऱ्यांचे नियम निराळे असतात, तेही त्या पानावर स्पष्ट लिहावे.

आणि घरच्यांनो, तुमची आजी पणती विझायची वाट पाहत नाही. वात जळू लागण्याआधीच ती तेल घालते. तेवढेच शहाणपण खुर्चीला पुरे आहे. संध्याकाळी फिरून आले की प्लग लावा आणि तो सकाळपर्यंत काढू नका. खुर्ची सावलीत ठेवा आणि चाकांत हवा भरा. एवढे केल्यावर त्या माणसाला बाजार, नदी, जत्रा, जिथे जावयाचे असेल तिथे जाऊ द्या. आणि पुढच्या वेळी कुणी 'जपून वापरा' म्हणालाच, तर त्याच्या मोबाइलचा चार्जर काढा आणि त्या जागी खुर्चीचा प्लग लावा.