बेलभंडार पुरे झाला, आता विचारून बघा

वाचकहो, तुमच्या गावात दारू सोडण्याची शपथ कशी घेतात? आमच्याकडे खंडोबाच्या देवळात बेलभंडार उचलतात. चार माणसं त्याला दंडाला धरून आणतात, पुजारी हातावर बेल नि भंडारा ठेवतो, म्हातारी आई पायरीवर बसून डोळ्यांना पदर लावते आणि तो म्हणतो, "आजपासून शिवणार नाही." त्या घडीला तो खोटं बोलत नसतो. हे मुद्दाम सांगतो, कारण पंधरा दिवसांनी तो गुत्त्यावर दिसला की सगळा गाव म्हणतो, यानं देवालाही फसवलं.

दारू सोडवण्याचे आपल्याकडचे उपाय मोजून तीन-चार. आधी उपदेश, मग शिव्या, मग शपथ. तेही फसलं की कुठून तरी आणलेली पुडी त्याच्या नकळत कालवणात घालायची. या पुडीत काय असतं हे देणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही. वरून दारू प्याली की उलटी व्हावी अशी औषधं आहेत, पण ती डॉक्टरनं तपासून, पेशंटला सांगून द्यायची असतात. चोरून घातली आणि वरून त्यानं दारू प्याली, तर जिवावर बेतू शकतं. तरी एसटी स्टँडच्या भिंतीवर अशा पुड्यांच्या जाहिराती असतातच.

मी स्वतः या उपायांतला जुना कार्यकर्ता. बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यामुळे दुसऱ्याला सुधारण्याची खोड अंगात मुरलेली. माझा एक धाकटा चुलतभाऊ होता. सकाळी उठल्या उठल्या त्याला लागायची. त्यानं चार वेळा बेलभंडार उचलला. चौथ्या वेळी त्याला देवळात नेणारा मीच होतो. घरी आणून आम्ही त्याला माळवदावरच्या खोलीत ठेवला आणि बाहेरून कडी घातली, म्हणजे जाणार कुठं? दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरायला लागले. तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे चढताहेत म्हणून ओरडू लागला. आम्ही म्हटलं, हे काही तरी बाहेरचं आहे. देवऋषी बोलावला. रात्री झटके आले. तालुक्याला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

डॉक्टर नंतर म्हणाले, वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकाएकी तोडली की शरीर असं उलटू शकतं. आधी आणला असता तर गोळ्या-इंजेक्शनांवर निभावण्याची शक्यता होती. आम्हाला कुणालाच हे ठाऊक नव्हतं. गावात आजही लोक म्हणतात, तो दारूनं गेला. खरं असं आहे की चौथी शपथ त्यानं पाळली होती.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात धरा. ज्याला सकाळीच लागते, न घेतल्यास हात कापतात, घाम सुटतो, त्याची दारू घरात कोंडून तोडू नका. आधी दवाखाना.

दुसरी गोष्ट मला फार उशिरा कळली आणि आजचा लेख तिच्यासाठीच आहे. इतक्या वर्षांत मी त्या भावाला शेकडो वेळा बोललो असेन, पण एक प्रश्न कधी विचारला नाही. तू का पितोस, तुला स्वतःला काय वाटतं, हे काही विचारलं नाही. उत्तर मलाच माहीत आहे असं धरून चाललो.

आता थोडं दूरचं सांगतो. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर १९८२ साली नॉर्वेतल्या बर्गनजवळच्या एका व्यसनमुक्ती दवाखान्यात गेले होते. तिथल्या तरुण समुपदेशकांनी त्यांना म्हटलं, नुसतं भाषण नको, आम्ही पेशंट होतो, तुम्ही बोलून दाखवा. आणि मध्येच थांबवून ते विचारायचे, हाच प्रश्न का विचारला? इथं गप्प का राहिलात? उत्तरं देता देता मिलर यांना आपल्याच कामातले नियम नव्यानं दिसले. १९८३ साली त्यांनी ते एका लेखात मांडले आणि १९९१ साली स्टीफन रॉलनिक यांच्याबरोबर पुस्तक काढलं. या पद्धतीला मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग म्हणतात. नाव जड आहे, पण माणसाच्या मनात दारू सोडायची जी काही ओढ आधीच आहे ती त्याच्याच तोंडून बाहेर काढायची, एवढाच त्याचा अर्थ.

त्या काळी अमेरिकेतल्या अनेक व्यसनमुक्ती केंद्रांत माणसाला फोडून काढायची पद्धत होती. त्याला मध्ये बसवायचं आणि सगळ्यांनी मिळून त्याची अब्रू काढायची, म्हणजे तो कबूल होईल. आपल्या पारावरचाच कार्यक्रम, फक्त खुर्च्यांवर बसून! मिलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली एक अभ्यास छापला. त्यात दिसलं की समुपदेशक जितका अंगावर गेला, तितकी त्या पेशंटची दारू वर्षभरानंतर जास्त होती. मी हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही.

असं का होतं? शेतकऱ्याला हे सांगायला नको. अडलेल्या बैलाची वेसण पुढून ओढली की तो खूर रोवतो. पिणाऱ्याच्या मनात दोन बाजू सतत भांडत असतात. सोडावी आणि सोडू नये. आपण जाऊन सोडायची बाजू एकट्यानंच बोलून टाकली, तर त्याच्या वाट्याला उरते ती न सोडायची. मग तो म्हणतो, मी काय रोज पितो का, माझ्या पैशानं पितो, अमका तर माझ्या दुप्पट पितो. जितक्या वेळा हे म्हणतो तितकं त्याला ते पटत जातं. माणूस दुसऱ्याचं ऐकून विसरतो, स्वतःच्या तोंडून निघालेलं मात्र लक्षात ठेवतो. म्हणून सोडायची कारणं त्यानं बोलायला हवीत, आपण नव्हे.

तुम्ही म्हणाल, गुरुजी, हे पुस्तकात ठीक आहे, गुत्त्याच्या दारात कसं चालायचं? मी करून बघितलं, ते सांगतो. मी काही शिकलेला समुपदेशक नाही, तेव्हा चुका माझ्या. आमच्या गावातला एक ट्रॅक्टर ड्रायव्हर, माझाच जुना विद्यार्थी, रोज संध्याकाळी घेतो. कॅनॉलच्या पुलावर दोघंच होतो. मी विचारलं, "प्यायल्यावर तुला बरं काय वाटतं रे?"

तो हसलाच. "गुरुजी, तुम्हीपण सुरू करताय का काय?" मग म्हणाला, "दिवसभर पाठ मोडून निघती. दोन घेतल्या की झोप लागती. आन् तिथं चार माणसं 'ये, बस' म्हणत्यात. घरी कोण म्हणतंय?"

"आणि न आवडणारं काही?"

"पैसा जातो, ते तर हायेच." जरा थांबून म्हणाला, "पोरगी. मी आलो की पुस्तक उचलून आजीकडं जाती."

वाचकहो, त्या क्षणी माझ्या जिभेवर अख्खं कीर्तन आलं होतं. ते गिळलं. एवढंच म्हटलं, "ती उठून जाते ते तुला लागतं." पुढं दहा-पंधरा मिनिटं तोच बोलत होता. पोरीचं, तिच्या शाळेचं, एकदा तिच्या सायकलवर धडपडला त्याचं. मी नुसता हूं हूं करत होतो.

मग विचारलं, "रुपयात किती आणे सोडावीशी वाटते?"

"चार आणे असंल."

माझ्यातला जुना मास्तर म्हणाला असता, फक्त चार? लाज नाही वाटत? आणि तो म्हणाला असता, नाहीच वाटत. इथं या लोकांची खरी युक्ती आहे. ते वरचं विचारत नाहीत, खालचं विचारतात. मी म्हटलं, "चार तरी का? काहीच का नाही?"

"तसं कसं, गुरुजी! पुढच्या वर्षी तिची दहावी हाय. बाप असा दिसला तर पोरगी काय शिकंल? आन् परवा उतारावर ब्रेक मारायला उशीर झाला. मागं ट्रॉलीत बायका होत्या भांगलणीच्या." हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. मला हे आधी माहीत असतं तर मी त्यावरून त्याला चारचौघांत झापलं असतं आणि त्यानं ते साफ नाकारलं असतं.

शेवटी मी विचारलं, मग काय करावं म्हणतोस? तो म्हणाला, ट्रॉलीत माणसं असतील त्या दिवशी नाही. मला हे फार थोडं वाटलं. पण ते त्याचं होतं. एक सांगू का, असं विचारून मी म्हटलं, आरोग्य केंद्रात एकदा तपासून घे. तो बघू म्हणाला.

हे सगळं गोऱ्या लोकांचं खूळ आहे असं कुणाला वाटत असेल, तर शेजारी गोव्यात बघा. तिथं संगाथ या संस्थेनं २०१३ ते २०१५ या काळात १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर अभ्यास केला. दारूनं त्रास सुरू झालेले, पण पुरते बुडालेले नाहीत, असे हे लोक होते. निम्म्यांना डॉक्टरांचे नेहमीचे उपचार आणि बाकीच्यांना त्यासोबत फार तर चार वेळा अशा धर्तीची बातचीत. बोलणारे लोक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवीवालेही नव्हते. साधी माणसं होती, त्यांना शिकवून तयार केलं होतं. तीन महिन्यांनी, नुसते उपचार मिळालेल्या शंभरांत २६ जण धोक्याच्या पातळीखाली आले होते. बातचीत मिळालेल्यांत ३६. लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकानं २०१७ साली हे छापलं.

शंभरात दहा जास्त. फार नव्हे, हे मला मान्य आहे. त्याच अभ्यासात बायकोला होणाऱ्या मारहाणीत फरक दिसला नाही, हेही लपवू नये. म्हणून घरातल्या बायांना मी हे सांगणार नाही की मार खा आणि गोड प्रश्न विचारा. मारहाण होत असेल तर आधी तिथून बाहेर पडा, माहेरी जा, पोलिसात जा. समजून घेणारी बातचीत करणं हे बायकोचं कर्तव्य आहे असा अर्थ कुणी काढला, तर तो माझ्या लेखावर अन्याय आहे आणि तिच्यावर त्याहून मोठा.

पण शंभरात दहा म्हणजे आमच्यासारख्या गावात दहा चुली. आणि खर्च किती? चार बैठका. अमेरिकेत १९९७ साली छापलेल्या एका मोठ्या अभ्यासात, सतराशेहून जास्त पेशंटांवर, अशा चार बैठकांचा गुण इतर पद्धतींच्या बारा बैठकांच्या जवळपास आला होता. ज्याचा रोज बुडतो त्याला चार आणि बारा यांतला फरक कळतो. पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसनमुक्तीचं मोलाचं काम करतंय, पण ऐन सुगीत घर सोडून तिथं राहायला किती जण जाणार?

दारूबंदीला माझा विरोध नाही. बायांनी मतदान करून बाटली आडवी केली की मी त्यांच्या मिरवणुकीत असतो. गडचिरोलीत १९९३ पासून बंदी आहे. चंद्रपुरात २०१५ साली आली आणि २०२१ साली उठली. सरकारं येतात, जातात. दुकानाला कुलूप लागलं तरी ज्याचे हात कापतात त्याचे कापतच राहतात. त्याच्याशी बोलणार कोण, याचा ठरावात उल्लेख नसतो.

माझी मागणी छोटी आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात अशी बातचीत शिकलेलं एक माणूस असावं. पदवीधरच हवं असं नाही. दारूतून बाहेर पडलेला असेल तर उत्तमच. त्याला मानधन मिळावं आणि बसायला पडदा लावलेली एक जागा असावी, औषधाच्या रांगेत उभं करून कुणी मनातलं बोलत नाही. हे काम आशाताईंच्या गळ्यात फुकट मारू नये, त्यांच्या पिशवीत आधीच कमी रजिस्टरं नाहीत. तोवर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं.

ड्रायव्हरचं विचाराल तर तो अजून घेतो. ट्रॉलीत माणसं असली की मात्र घेत नाही, हे बायका स्वतः सांगतात. मधे पोळ्याला तोल गेला होता. दुसऱ्या दिवशी मला टाळून मागच्या गल्लीनं गेला, मग चार दिवसांनी आपणहून पुलावर आला. मी काय झालं ते विचारलं नाही. त्यानंच सांगितलं.

आरोग्य केंद्रातल्या माणसाचा विषय मी गेल्या ग्रामसभेत मांडला होता. "गुरुजी, आधी गटाराचं बघू," असं उत्तर मिळालं. गटार अजून तसंच आहे. येत्या ग्रामसभेत दोन्ही विषय मांडणार आहे.