उपाशीपणाला दिलेली शाबासकी

काही वर्षांपूर्वीच्या वर्षावासातील ही गोष्ट. दहावीतील एका मुलीने आषाढी पौर्णिमेला अष्टशील ग्रहण केले. पौर्णिमा सरली, तरी विकालभोजन वर्ज्य करण्याचा तिचा नेम सरला नाही. दुपारी बारानंतर ती अन्नाला शिवत नसे. श्रावण गेला, भाद्रपद गेला. सायंकाळच्या वंदनेला ती सर्वांत पुढे बसे. पाठ ताठ, डोळे मिटलेले. आम्ही शिक्षक आणि अधीक्षिका तिच्याकडे कौतुकाने पाहत असू. एका पौर्णिमेच्या कार्यक्रमात तर तिला पुढे बोलावून तिच्या संयमाचा आदर्श इतर मुलींसमोर ठेवण्यात आला. टाळ्या झाल्या. त्या टाळ्यांत आमचेही हात होते, म्हणून हा लेख.

दिवाळीच्या सुटीत ती घरी गेली. न्हाऊ घालताना आईने तिची पाठ पाहिली आणि दुसऱ्याच दिवशी शाळेत दूरध्वनी केला. त्या माऊलीचे वाक्य आम्हांला आजही जसेच्या तसे आठवते : “सर, आमच्या घरात खायाला नसायचं तवा बी आमची पोरं इतकी वाळली न्हवती.” तपासणीत कळले की नाडी मंद झाली होती, पाळी पाच महिने आली नव्हती, हातांवर बारीक लव उगवली होती. दुपारचे जेवणही नावापुरतेच होते. भाकरी रुमालात गुंडाळून ती बाहेर नेत असे. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले, अॅनोरेक्सिया नर्व्होसा. आमच्यापैकी एकानेही ते पूर्वी ऐकले नव्हते.

हे नाव १८७३ साली लंडनच्या विल्यम गल या वैद्याने रूढ केले. त्याच वर्षी पॅरिसमध्ये लासेग यांनीही याच आजाराचे वर्णन केले. शब्दाचा अर्थ ‘भूक नसणे’ असा होतो आणि तो दिशाभूल करणारा आहे. अशा मुलीला भूक असते, आणि पुष्कळ असते. ती रात्रंदिवस तिच्याशी झुंजत असते, आणि प्रत्येक वेळी भूक हरली की आपण जिंकलो असे तिला वाटते. आरशात हाडे दिसत असतानाही तिला स्वतःचे शरीर स्थूल दिसते. हे नखरे नव्हेत, हट्ट नव्हे आणि संयम तर नव्हेच. मानसिक आजारांमध्ये मृत्यूचे प्रमाण ज्यांत सर्वांत अधिक, अशा थोड्या आजारांत याची गणना होते. उपचारही सोपे नसतात. दीर्घकाळ उपाशी असलेल्या शरीराला एकदम पोटभर खाऊ घातले, तर रक्तातील फॉस्फेट, पोटॅशियम यांसारख्या क्षारांचे प्रमाण कोसळून हृदयावर बेतू शकते. म्हणून वाढीव आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावा लागतो. ‘चार दिवस तूप-भात घाला, ठीक होईल’ असा सल्ला आम्हीही त्या आईला दिला होता. सुदैवाने तिने तो मानला नाही.

पुढे ती हळूहळू बोलू लागली, तेव्हा समजले की सुरुवात पौर्णिमेपासून झालीच नव्हती. नववीच्या स्नेहसंमेलनात तिला नाटिकेत एका भूमिकेसाठी उभे केले असता कोणीतरी हसून म्हणाले, “या देहाला हा वेश कसा बसायचा?” म्हणणारा आमच्यातलाच एक होता. त्या दिवसापासून ती ताटातले अर्धे टाकू लागली. पुढे अष्टशीलाने तिला लपायला जागा दिली. शीलांचा क्रम पाहिला म्हणजे यातील विपरीतता लक्षात येते. सहावे शील विकालभोजनाचे, तर सातवे नृत्यगायन, माळा, सुगंध आणि देहाची सजावट यांपासून दूर राहण्याचे. सहाव्या शीलाचा उपयोग तिने सातव्याच्या उलट दिशेने, देखणे होण्यासाठी केला. त्या लेकराला दोष देण्याचा आम्हांला अधिकार नाही, कारण देखणे म्हणजे काय हे तिला आम्हीच शिकवले होते.

आमच्या ग्रंथालयात एका मूर्तीचे छायाचित्र टांगलेले आहे. गांधार शैलीतील, सिक्री येथे सापडलेली आणि आज लाहोरच्या संग्रहालयात असलेली ती उपोषित सिद्धार्थाची मूर्ती. बरगड्या मोजाव्यात, पोट पाठीला लागलेले, शिरा दोरीसारख्या उठलेल्या. पाहुणे ते चित्र पाहून हात जोडतात. आम्हीही जोडत आलो. मात्र त्या शिल्पकाराने कोरली ती वाट तथागतांनी स्वतः सोडून दिलेली होती. मज्झिम निकायातील महासच्चक सुत्तात उरुवेलेच्या त्या काळाचे वर्णन येते. मूठभर कडधान्याच्या कढणावर राहून अवयव वेलीच्या गाठींसारखे झाले, पोटाला हात लावावा तो पाठीचा कणा हाती लागे, अंग चोळले की केस गळून पडत. आणि एवढे करूनही ज्ञान मिळाले नाही, असा त्या वर्णनाचा निष्कर्ष आहे. त्यानंतर त्यांनी अन्न घेतले. सुजातेची खीर आपल्या लहानग्यांनाही ठाऊक असते.

पण त्याच प्रसंगातील दुसरी घटना आपण मुलांना फारशी सांगत नाही. सिद्धार्थ उपाशी होता तोवर पाच परिव्राजक त्याच्याभोवती आदराने राहिले. त्याने जेवण घेताच ते त्याला चैनीला लागलेला समजून निघून गेले. म्हणजे उपाशी माणसाचे कौतुक करणारे आणि तो जेवू लागताच पाठ फिरवणारे लोक तेव्हाही होते. त्या पौर्णिमेला टाळ्या वाजवताना आम्ही सुजातेच्या बाजूला नव्हतो, त्या पाचांच्या रांगेत होतो.

धम्मपदाच्या अट्ठकथेत आळवीच्या एका गरीब शेतकऱ्याची कथा आहे. हरवलेला बैल शोधता शोधता उशीर झाला आणि तो उपाशीपोटी धम्मश्रवणाला आला. बुद्धांनी आधी त्याला जेवू घालायला लावले. तो जेवेपर्यंत सारी सभा थांबली. विनयातही आजारी भिक्षूंसाठी तूप, लोणी, तेल, मध आणि गूळ दुपारनंतर घेण्याची मोकळीक दिलेली आहे. शील शरीराशी वैर धरत नाही, हे यावरून स्पष्ट दिसते.

आता समाजाकडे वळू. आमच्या आज्यांच्या तोंडी ‘पोरीनं अंग धरलं’ हे कौतुकाचे बोल होते आणि ‘वाळली’ ही चिंता होती. ज्या वस्तीत सुगी संपली की चूल थंड पडायची, तेथे भरलेले अंग म्हणजे घरात दाणे असल्याची खूण. आज त्याच वस्तीतील मावशी सुटीत आलेल्या भाचीला पाहून म्हणते, “अगं, किती छान बारीक झालीस!” मध्ये काय घडले? फिजी बेटांतील एक अनुभव येथे उद्बोधक वाटतो. तेथे परंपरेने धडधाकट, भरदार देहाचा मान होता. नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शन संच आले. अॅन बेकर या अमेरिकी संशोधिकेने त्याच सुमारास आणि पुन्हा १९९८ मध्ये शाळकरी मुलींना प्रश्न विचारले. वजन कमी करण्यासाठी ओकारी काढतो, असे १९९५ मध्ये एकीनेही सांगितले नव्हते; तीन वर्षांनी शेकडा ११ मुलींनी सांगितले. तेव्हा फक्त दूरचित्रवाणी होती. आता प्रत्येक मुलीच्या, आणि छाती फुगवण्याच्या नादाने पावडरचे डबे आणणाऱ्या मुलांच्याही, हातात मोबाइल आहे.

सारा दोष पडद्याला देऊन मोकळे होणे मात्र अप्रामाणिकपणाचे ठरेल. आपल्याच वधू-वर परिचय मेळाव्यांचे अर्ज पाहावेत. शिक्षणाच्या रकान्याखाली ‘वर्ण’ असा रकाना असतो आणि त्यात गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा असे लिहिले जाते. मंचावर बाबासाहेबांची प्रतिमा, तिला पुष्पहार, आणि खाली आपल्याच लेकींचा वर्ण विचारणारा कागद! ज्या शब्दाच्या जाचातून आपल्या पूर्वजांची सुटका व्हावी म्हणून त्या महामानवाने आयुष्य वेचले, तोच शब्द आपण आपल्या हाताने छापतो. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी मातांना सांगितले होते की मुलांच्या मनातील न्यूनगंड काढून टाका. आम्ही मात्र तो न्यूनगंड वजनकाट्यावर आणि रंगाच्या रकान्यात नव्याने पेरत आहोत.

शाळेने त्यानंतर काही गोष्टी बदलल्या. वजन-उंचीची तपासणी आता रांगेत, आकडा मोठ्याने वाचून होत नाही. परिचारिका एकेकीला वेगळे बोलावते. स्नेहसंमेलनातील ‘जाड्या’ पात्र कायमचे बाद केले. जेवणाच्या वेळी एक शिक्षिका मुलींसोबतच पंगतीला बसते, पहारा म्हणून नव्हे, जेवायला. सूचना फलकावर १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक लिहिलेला आहे. दोन वेळा तो खरोखर उपयोगी पडला.

ती मुलगी बरी झाली. त्याला दोन वर्षे लागली आणि मध्ये एकदा आजार उलटला. हा लेख छापण्यापूर्वी आम्ही तिला वाचायला पाठवला होता. तिने एक परिच्छेद काढायला सांगितला. तो काढला आहे.

अठरा वर्षांखालील मुलामुलींना आता पौर्णिमेला पंचशीलच दिले जाते. विकालभोजनाचे शील दिले जात नाही. गेल्या वर्षावासात काही पालकांनी आणि एका आदरणीय भन्तेजींनीही याबद्दल नाराजी कळवली. त्यांची भावना आम्ही समजू शकतो. त्या सायंकाळीही भोजनगृहाची घंटा नेहमीप्रमाणे साडेसातला झाली आणि सर्व मुले जेवायला बसली.