घाट, रपटा आणि परतीची वाट

पाऊस जोर धरू लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात घरोघरी एकच विषय निघतो, सहस्रकुंड पाहायला कधी जायचे? पैनगंगेचा हा धबधबा. अलीकडचा काठ आपल्या उमरखेड तालुक्याचा, पलीकडचा नांदेड जिल्ह्याचा. काळ्या खडकावरून कोसळणारे पाणी पाहावे तर पावसाळ्यातच. उन्हाळ्यात तिथे बघण्यासारखे फारसे काही उरत नाही. म्हणजे ज्या दिवसांत धबधबा पाहण्याजोगा, नेमक्या त्याच दिवसांत वाटेतले नाले भरलेले. सगळी गोम इथेच आहे.

जीप भाड्याने करणे आपल्यासारख्यांच्या खिशाला परवडत नाही. आपली फटफटीच बरी. मागच्या वर्षी एका रविवारी आम्हीही दिग्रसहून निघालो. आम्ही, आमच्या सौ., मुलगी आणि मेहुणा, दोन गाड्यांवर चौघे. पूर्वी आम्ही एकाच गाडीवर चौघे बसून जात होतो, हे कबूल केले पाहिजे. एकदा पुसदकडच्या घाटात उतरताना पेट्रोल वाचवायचे म्हणून आम्ही इंजिन बंद केले. सारा भार ब्रेकवर आला. ब्रेक तापले आणि दाबले तरी धरेनात. कशीबशी गाडी कडेच्या मातीत घातली. कोणाला इजा झाली नाही, पण त्या दिवशी वाचलेले पेट्रोल दहा रुपयांचेही नव्हते.

तेव्हापासून घरात नियमच केला. ज्या गिअरमध्ये घाट चढायचा, त्याच गिअरमध्ये उतरायचा. इंजिन चालूच ठेवायचे, म्हणजे तेच गाडीला मागे ओढून धरते आणि ब्रेकवर भार येत नाही. चालकाच्या मागे एकच माणूस. कायदाही तेच सांगतो, आणि हेल्मेट मागे बसणाऱ्यालाही लागते. बायकोच्या डोक्याची किंमत नवऱ्याच्या डोक्यापेक्षा कमी नाही, हे वेगळे सांगायला नको.

पुसद डोंगरांच्या कुशीत वसलेले गाव. पावसात घाटातला रस्ता फार देखणा दिसतो. दोन्ही बाजूंना साग, त्याची सुपाएवढी पाने, मधूनच खाली दिसणारी कपाशीची वावरे. मुलगी मामाच्या मागे बसून हरखून गेली होती. मात्र सागाचे ओले पान रस्त्यावर पडले की साबणासारखे होते. वळणावर अशा पानांवर ब्रेक दाबला की गाडी घसरलीच म्हणून समजा. वळण येण्याआधीच वेग कमी करावा.

उमरखेड मागे टाकून ढाणकी, बिटरगावच्या बाजूला लागलो. पुढे जंगल, वस्ती विरळ, मोबाईलची रेंज कधी असते, कधी नसते. एका नाल्याशी आलो तर रपट्यावरून गढूळ पाणी वाहत होते. फार नव्हते, घोट्याच्या वर, गुडघ्याच्या खाली. दोन पोरे आमच्या डोळ्यांदेखत गाडी घालून पार झाली आणि पलीकडून हात हलवू लागली. मेहुण्याने गाडीला किक मारली. मुलगी म्हणाली, "बाबा, चला ना, ते गेले की!"

काठावर गुरे राखणारे एक आजोबा बसले होते. ते एवढेच म्हणाले, "भाऊ, पान्याशी पैज नोका लावू. नाला उतरते, पन गेलेला मानूस येत नाही."

आम्हाला दहागाव आठवले. 28 सप्टेंबर 2021 रोजी उमरखेडजवळच्या दहागाव नाल्याच्या पुलावर पाणी होते. नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी बस त्या पाण्यात वाहून गेली आणि माणसे दगावली. एवढी जड बस जिथे टिकली नाही, तिथे आपल्या फटफटीची काय कथा! वाहते पाणी चाकाला आडवा रेटा देते. शिवाय गढूळ पाण्याखाली रस्ता शाबूत आहे की वाहून गेला, हे वरून कळत नाही. आपल्या आधी गेलेला माणूस पार झाला, हा काही पुरावा नव्हे. डोंगरात वर पाऊस पडला की पाणी घटकाभरात वाढते.

आम्ही तासभर थांबलो. पाणी उतरण्याऐवजी चढले. मग गाड्या फिरवल्या. मुलगी रडली. सौ.नी तिथेच सागाखाली पोळी-भाजीचा डबा सोडला. एवढ्या लांब येऊन धबधबा न पाहता परतायचे, याचे आम्हालाही वाईट वाटले. पण अंधारापूर्वी जंगलाबाहेर पडणे भाग होते. रात्री या रस्त्यांवर रोही आणि रानडुकरे अचानक आडवी येतात.

पंधरा दिवसांनी उघडीप मिळाली तेव्हा पुन्हा गेलो. त्याच रपट्यावर पाणी नव्हते, नुसता चिखल होता. सहस्रकुंडाचे तुषार अंगावर घेत मुलगी हसत होती.

वाचक बंधू-भगिनींनो, आपणही जरूर जा. निघण्याआधी चाकांतली हवा, ब्रेक आणि साखळी तपासून घ्या. पंप, पंक्चरचे सामान आणि पिण्याचे पाणी सोबत ठेवा. मुक्कामाचे गाव आणि परतीची वेळ घरी सांगून निघा. आणि रपट्यावर पाणी दिसले, तर लेकरांसमोर गाडी मागे फिरवायला लाजू नका. आज मागे फिरलेला बाप त्यांना उद्या नक्कीच धबधबा दाखवील.